चार गुंठे गाजरगवत

गहिनीनाथनं वस्तऱ्यात नवं पातं बसवलं, वाटीतलं पाणी बोटांवर घेतलं, सहादेवाच्या गालाजवळ हात नेला आणि तसाच मागं घेतला.

"दादा, आज ऱ्हाऊ द्या," तो हळूच म्हणाला.

सहादेवानं समोरच्या आरशात बघितलं. पापण्या सुजून जाड झाल्या होत्या. कपाळ, गाल काळपट लाल पडले होते, आणि गळ्यापासून सदऱ्याच्या उघड्या गुंडीपर्यंतची कातडी जुवाखाली घट्टे पडलेल्या बैलाच्या मानेसारखी झाली होती. आठ दिवसांच्या पांढऱ्या दाढीतून जागोजाग चिकट पाणी झिरपत होतं.

पातं नवं आहे, झाल्यावर टाकून दे, असं सहादेव म्हणाला. गहिनीनाथ म्हणाला, पात्याचं काही नाही. मग त्यानं बाकड्याकडं नुसती मान हलवली. बाकड्यावर दोघं गिऱ्हाईकं पेपर घेऊन बसली होती आणि एकाचीही नजर पेपरात नव्हती.

"तीस वर्षं तुमची दाढी केलीया म्या. पर लोकं बोलत्यात दादा. माझं पोट हाय ह्याच्यावर."

त्यानं सहादेवाच्या गळ्यातलं फडकं दोन बोटांनी सोडलं. एरवी ते झटकून खुंटीला लावायचा. आज खाली कोपऱ्यात टाकलं. सहादेवानं ते बघितलं, टॉवेल तोंडाभोवती गुंडाळला आणि दुकानाबाहेर पडला.

सहादेव ठुबे छप्पन्न वर्षांचा होता. पारनेरच्या पश्चिमेला, डोंगराच्या कुशीत त्याचं साडेचार एकर जिराईत रान आणि रानातच घर. पावसावर मूग, बाजरी आणि मागून ज्वारी. मुलगा सुनील सुप्याच्या कंपनीत पाळीवर जायचा. घरात बायको चांगुणा आणि सून रेश्मा. मुलगी सुरेखा चाकणला दिलेली. पोट भरून दोन पायल्या शिल्लक राहणारं घर होतं, आणि गावात सहादेवाला मानही होता. सप्त्याच्या पंगतीत आमटीची बादली पंचवीस वर्षं त्याच्याच हातात असायची. यंदा श्रावणात त्यानं बादलीला हात घातला, तर पुढाऱ्याच्या पोरानं ती अदबीनं काढून घेतली आणि म्हणाला, "तात्या, तुम्ही बसा आता निवांत." सहादेव मंडपाच्या खांबाला टेकून बसला. पंगत उठेपर्यंत त्याला कुणी जेवायला बस म्हणालं नाही.

तीन वर्षांपूर्वी मानेवर रुपयाएवढा चट्टा उठला, तिथून हे सुरू झालं. नायटा असेल म्हणून त्यानं मेडिकलमधून ट्यूब आणली. लावली की दोन दिवसांत चट्टा बसायचा, सोडली की दुप्पट उठायचा. मग कोपरांच्या बेचक्यात आलं, गुडघ्यांच्या मागं आलं, मग तोंडावर. तालुक्याच्या एका दवाखान्यात सुई टोचली की महिनाभर बरं वाटायचं. हळूहळू महिन्याचे पंधरा दिवस झाले आणि पंधराचे आठ. एका जाणत्यानं कडुनिंबाचा पाला वाटून लावायला सांगितला, त्यानं आग आग झाली. वांगं सोडलं, मासे सोडले, शेंगदाणे सोडले. ऊन लागलं की खाज, घाम आला की खाज. खाजवता खाजवता नखं अशी गुळगुळीत झाली होती की जणू कुणी मुद्दाम घासून दिलीत.

गाव महारोग असं तोंडावर म्हणत नव्हतं. पण चहाच्या टपरीवर सगळ्यांना काचेचा ग्लास आणि त्याला कागदी कप येऊ लागला, तेव्हा त्यानं टपरीवर जाणं सोडलं.

भादव्यात बाजरी सोंगणीला आली. पहिल्या दिवशी सहादेव विळा घेऊन रानात उतरला. दोन काकऱ्या होईतोवर बाजरीची बारीक कूस मानेवर बसली आणि मान अशी पेटली की त्यानं विळा टाकून डोक्यावर हंडा ओतून घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी डोळेच उघडेनात. चांगुणानं ओल्या फडक्यानं पापण्या शेकल्या तेव्हा चिरीएवढी उघडीप झाली. मग सासू-सुना दोघींनी मिळून बाजरी काढली. चांगुणा पुढं सोंगत जायची, रेश्मा मागून पेंढ्या बांधायची, आणि सहादेव घराच्या पडवीत टॉवेलात तोंड घालून बसायचा. त्याला पेंढ्यांचा खसखस आवाज ऐकू यायचा. कमरेत वाकलेल्या त्या दोघींकडं बघण्यापेक्षा सुजलेले डोळे मिटून घेणं त्याला बरं वाटायचं.

बाजरी खळ्यात आल्यावर रेश्मानं विषय काढला. तिची मावसबहीण नाशिकला नर्स होती. तिनं सांगितलं होतं की कातड्याचे डॉक्टर आता मोबाईलवर बघतात. आधी फोटो पाठवायचे, मग ठरल्या वेळी डॉक्टर स्वतः फोनवर दिसतात, बोलतात, औषध लिहून पाठवतात. सहादेवानं हात झटकला. हात न लावता दुखणं ओळखणारा डॉक्टर त्यानं पाहिला नव्हता. चांगुणा मात्र म्हणाली, "हात लावणारे चार झाले. त्यांनी काय उजेड पाडला?"

फोटो काढायचे म्हणजेही एक अवघड काम झालं. सुनील पाळीवर. चांगुणानं मोबाईल धरला, तर सगळ्या फोटोंत तिचं बोट नाही तर पडवीचं छप्पर. शेवटी रेश्मानंच घ्यायचे ठरले. सहादेव अंगणात उन्हाकडं तोंड करून उभा राहिला. सुनेसमोर बंडी काढायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती. त्यानं बंडी काढली आणि मान दुसरीकडं वळवली. रेश्मानं पदर नीट डोक्यावर घेतला आणि एकेक फोटो काढत गेली. मान, छाती, कोपराची बेचकी. मग ती हळू आवाजात म्हणाली, "मामा, डोळे एकदा मिटा, पापण्यांचा हवा." त्यानं मिटले. तिनं फोटो काढला आणि बंडी उचलून त्याच्या हातात दिली. त्याला वाटलं होतं तिला किळस येईल. तिचे हात मात्र दूध तापवताना असतात तसेच स्थिर होते.

डॉक्टरांची वेळ शुक्रवारी सकाळी अकराची मिळाली. घरात रेंज यायची नाही. सगळ्या रानात रेंज येणारी जागा एकच, पश्चिमेच्या बांधावरचा उंचवटा. सुनीललाही पाळीचा फोन करायचा तर तिथंच जावं लागायचं. रेश्मानं तिथं पोतं अंथरलं, सहादेवाला बसवलं आणि मोबाईल त्याच्या तोंडासमोर धरला.

स्क्रीनवर चाळिशीतल्या बाई आल्या. चष्मा, साधी साडी, मागं कपाट. डॉक्टर नेर्लेकर असं नाव त्यांनी सांगितलं. फोटो बघितलेत, म्हणाल्या. सहादेवाला वाटलं आता औषधाची नावं सांगून मोकळ्या होतील. पण त्या एकामागून एक विचारतच राहिल्या. कधी सुरू झालं, घरात कुणाला दमा आहे का, कोणती ट्यूब लावता, तिचं वेष्टण आहे का. रेश्मानं वेष्टण दाखवलं तेव्हा त्यांनी ती ट्यूब आजपासून बंद करायला सांगितली. मग विचारलं, उन्हाळ्यात कसं असतं?

"चैत-वैशाखात कमी ऱ्हातं. पाऊस सुरू झाला का वाढाया लागतं. दिवाळीपत्तुर लई."

"गावाबाहेर राहायला गेला होता का मधे?"

गेला होता. गेल्या साली दिवाळीला पंधरा दिवस लेकीकडं चाकणला. तिथं चेहरा एकदम निवळला होता. सुरेखाच म्हणाली होती, तुमाला हितलं पानी मानवलं. परत आल्यावर चार दिवसांत होतं तसं झालं.

 चष्मा वर करून डॉक्टरबाईंनी स्क्रीनकडं निरखून बघितलं. सहादेवाला ते बघणं आपल्या तोंडाकडं आहे असं वाटलं नाही.

"काका, तुमच्या मागं ते पांढऱ्या फुलांचं काय उगवलंय?"

"ते व्हय? गाजरगवत."

"ताई, जरा फोन फिरवा तिकडं."

रेश्मानं फोन फिरवला. बांधाच्या पलीकडं चार गुंठ्यांची पट्टी होती आणि पट्टीभर कमरेएवढं गाजरगवत माजलेलं. बारक्या पांढऱ्या फुलांनी सगळं वरून पीठ भुरभुरल्यासारखं दिसत होतं. वारा पश्चिमेकडून घराकडं येत होता. सगळा पावसाळा तिकडूनच यायचा.

डॉक्टरबाईंनी सावकाश, दोनदा समजावून सांगितलं. हा नायटा नाही, महारोग तर नाहीच. एकमेकांना लागत नाही, एका ताटात जेवलं तरी लागत नाही. हा एक्झिमा आहे, जुने लोक इसब म्हणतात तो, आणि त्यांच्या अंदाजानं तो या गवतानं आलेला आहे. गवताची फुलं, वाळलेला चुरा वाऱ्यावर उडतो आणि उघड्या अंगावर बसतो. म्हणून पापण्या, मान, गळा, कोपराच्या खाचा. नक्की करायला नगरला जाऊन पाठीवर पट्ट्या लावायची तपासणी करून घ्या, पण औषध आजच सुरू करू. अंगाला एक मलम, तोंडाला वेगळं, त्यांची अदलाबदल करायची नाही. रानातून आलं की अंग धुवायचं, टॉवेल रोज धुवायचा, पूर्ण बाह्यांचा सदरा घालायचा.

"पण औषध निम्मंच काम करेल," त्या म्हणाल्या. "हे गवत इथून गेलं पाहिजे. तुम्ही स्वतः हात लावायचा नाही, दुसऱ्या कुणीतरी हातमोजे घालून मुळासकट उपटायचं. शेत कुणाचं आहे ते?"

सहादेवानं पट्टीकडं बघितलं, मग जमिनीकडं.

"माझंच. म्हंजे, कोर्टात हाय."

ती पट्टी त्याच्या आणि त्याच्या चुलतभावाच्या, भिमाजीच्या, मधली होती. सहा वर्षांपूर्वी एका पावसात बांधाचा दगड वाहून गेला. सहादेव म्हणाला दगड पलीकडच्या चिंचेजवळ होता, भिमाजी म्हणाला अलीकडं, सहादेवाच्या अंगाला. मोजणी झाली, ती भिमाजीला पटली नाही. दुसऱ्यांदा मोजणी झाली, ती सहादेवाला पटली नाही. मग कोर्ट. निकाल लागेपर्यंत जसं आहे तसं ठेवा, असा हुकूम झाला. तेव्हापासून त्या चार गुंठ्यांत ना कुणी औत घातलं, ना कुणी बी टाकलं. जो पाऊल टाकील त्याच्यावर दुसरा तक्रार करील, म्हणून दोघंही आपापल्या बाजूनं नुसती राखण करत बसले. एका आजाच्या पोटचे दोन वाडे, पण सहा वर्षांत एकमेकांच्या मयताला गेले तेवढेच. मोकळ्या रानात पहिल्या वर्षी कुंदा उगवला, दुसऱ्या वर्षी तरवड, आणि तिसऱ्या वर्षापासून गाजरगवतानं सगळं खाऊन टाकलं.

बांधावरून उतरताना सहादेवानं मनात वर्षं मोजली. तिसऱ्या वर्षी पट्टीत गवत माजलं. त्याच वर्षी मानेवर चट्टा उठला होता.

मलमांनी गुण दिला. आठ दिवसांत पापण्या उतरल्या, खाज निम्म्यावर आली, आणि बऱ्याच महिन्यांनी तो अर्धी भाकरी जास्त जेवला. नगरला जाऊन त्यानं पाठीवर पट्ट्या चिकटवून घेतल्या. दोन दिवसांनी काढल्या तेव्हा गाजरगवताचा अर्क लावलेल्या पट्टीखाली लालभडक फोड उठला होता. पण ज्वारीच्या पेरणीच्या दिवसांत वारा सुटला आणि तीन दिवसांत चेहरा पुन्हा तसाच झाला. दुसऱ्या वेळी डॉक्टरबाईंनी फोन गवतापासून लांब, रस्त्यावर जाऊन करायला लावला. त्या म्हणाल्या, याच्यापुढच्या गोळ्या आहेत, पण त्यांना दर महिन्याला रक्त तपासावं लागतं आणि त्या स्वतःचा त्रास घेऊन येतात. आधी गवताचं काय ते बघा.

सुनीलचं म्हणणं होतं की तणनाशक आणून मारावं, विचारायचं कुणाला? सहादेव नाही म्हणाला. आपण पट्टीत शिरलो की भिमाजी वकिलाकडं जाणार. शिवाय गवत जळून जाईल, पण रान पडच राहिलं तर पुढच्या पावसाला पुन्हा तेच. रान पेरलं तरच ते गवत मागं हटतं, हे त्याला डॉक्टरानं सांगायची गरज नव्हती.

दोन दिवस तो पडवीत बसून राहिला. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानं धुतलेला सदरा घातला आणि कुणाला न सांगता भिमाजीच्या गोठ्याकडं गेला.

भिमाजी कडबा तोडत होता. त्यानं मान वर केली, बघितलं आणि कोयता चालूच ठेवला. त्याची बायको मालनबाई शेण भरत होती, ती मात्र थांबली. सहा वर्षांत दोघं भाऊ इतके जवळ उभे राहिले नव्हते. भिमाजीनं पुन्हा एकदा वर बघितलं, आणि या वेळी त्याची नजर सहादेवाच्या गळ्यावर अडकली.

सहादेवानं सांगितलं ते सरळ सांगितलं. फोनवरचा डॉक्टर, पाठीवरच्या पट्ट्या, वारा, गवत. भिमाजी ऐकत राहिला. मग म्हणाला, "ह्यो नवा डाव हाय. आज गवत उपटाया शिरशील, उद्या पाभर घेऊन पेराया येशील."

"म्या न्हाई शिरत. तू शिर."

कोयता थांबला.

"तू नांगर, तूच पेर. पीक तूच ने. निकाल लागंल तवा लागंल. पर ती पट्टी पड ठिवू नगं."

भिमाजीला त्यात खोच दिसेना आणि म्हणूनच तो जास्त सावध झाला. उद्या तूच म्हणशील भिमाजीनं ताबा घेतला, हुकूम मोडला, असं तो म्हणाला. लिहून दे.

लिहून देतो, सहादेव म्हणाला.

रेश्मानं वहीच्या पानावर लिहिलं. बांधालगतची चार गुंठ्यांची पट्टी भिमाजीनं नांगरावी, पेरावी, पीक न्यावं, माझी हरकत नाही. खाली सहादेवानं एक ओळ आपल्या मनानं घालायला सांगितली. पट्टी पड ठेवायची नाही आणि तिच्यात किंवा बांधावर गाजरगवत फुलू द्यायचं नाही. त्यानं सही केली. हे सगळं चांगुणा चुलीजवळून बघत होती. कागदाची घडी झाल्यावर ती बोलली.

"सा वर्सं वकिलाच्या दारात म्या बी बसलीया. भर उन्हात, भाकरी बांधून. आन् आज गवताच्या भ्यानं सोडून दिली."

"सोडली न्हाई. पेराया दिली."

"त्यो ह्यो कागद कोर्टात दावंल, मग बघा काय दिली ती."

 तिचं म्हणणं खरं होतं. कागद भिमाजीच्या हातात पडला की त्याचं काय करायचं ते भिमाजीच्या मनावर होतं. तरी तो गेला. भिमाजीनं कागद दोनदा वाचला, गवताच्या ओळीवर बोट ठेवून जरा थांबला आणि त्याखाली आपलीही सही केली. कागद घडी करून त्यानं बंडीच्या खिशात घातला. ये म्हणाला नाही, बस म्हणाला नाही.

त्यानंतर चांगुणा नवऱ्याशी कामापुरतंच बोलायची. भाकरी वाढायची, पाणी द्यायची. पण मानेच्या मागं सहादेवाचा हात नीट पोचत नसे, तिथं मलम लावायचं तेवढं तिनं चुकवलं नाही. आंघोळ झाली की मागं येऊन उभी राहायची, बोटावर मलम घ्यायची, आणि लावून जायची.

दसऱ्यानंतरच्या मंगळवारी भिमाजी आणि मालनबाई पट्टीत उतरले. हातांना पिशव्या बांधलेल्या, तोंडाला फडकी. दोघांनी तीन दिवस गवत उपटून ढीग केला आणि ओढ्याच्या पलीकडं नेऊन पुरला. तेवढे दिवस रेश्मानं घराची पश्चिमेची खिडकी लावून ठेवली आणि सासऱ्याला बाहेर येऊ दिलं नाही. मग ट्रॅक्टर आला. सहा वर्षं कुणी न फोडलेली जमीन ढेकळं ढेकळं होऊन उलटली. भिमाजीनं कुळव फिरवला आणि पट्टीभर हरभरा पेरला. थेट सहादेवाच्या बांधापर्यंत, एक वीतही सोडली नाही. चांगुणा बांधावर उभी राहून शेवटची काकरी होईपर्यंत बघत होती. घरी येऊन तिनं फक्त एवढंच सांगितलं, "दगडाच्या जागंच्या बी अलीकडं आला."

पण भिमाजीनं दुसरी ओळही पाळली. ओल होती तोवर गाजरगवत परत परत फुटत होतं. दर आठ-दहा दिवसांनी तो खुरपं घेऊन यायचा. पट्टी बघायचा, बांध बघायचा, आणि बांधाच्या सहादेवाच्या अंगालाही कुठं हिरवा पाला दिसला की तोही उपटून न्यायचा. येताना जाताना कुणाशी बोलायचा नाही. एकदा चांगुणा शेळीला पाला काढत होती, तिच्यापासून दहा पावलांवर तो वाकून गवत उपटत होता. 

मार्गशीर्षात डॉक्टरबाईंचा तिसरा फोन झाला, बांधावरूनच. रेश्मानं फोन सहादेवाच्या हातात दिला आणि ती बाजूला झाली. डॉक्टरबाईंनी स्क्रीनकडं बघितलं आणि म्हणाल्या, "सहादेव ठुबे आहेत का? त्यांना द्या ना फोन."

"म्याच हाय."

त्या जवळ वाकल्या. चेहऱ्यावर अजून काळपट डाग होते, गळ्याची कातडी थोडी जाड होती, पण डोळे पूर्ण उघडे होते. डॉक्टरबाईंनी ते डोळे आज पहिल्यांदाच बघितले. त्या हसल्या. मग पुन्हा कामाच्या आवाजात सांगू लागल्या. मलम एकदम सोडायचं नाही, आठवड्यातून दोनदा करत आणायचं. दुखणं मुळासकट गेलं असं मी म्हणणार नाही. पुढच्या पावसाळ्यात गवत दिसलं की पहिल्याच आठवड्यात फोन करा, चेहरा सुजायची वाट बघू नका. सहादेवानं व्हय म्हटलं. पुढच्या पावसाळ्याचं मात्र भिमाजीच्या हातात होतं.

पौषात कोर्टाची तारीख आली. सहादेव सकाळच्या एसटीनं पारनेरला गेला. पूर्ण बाह्यांचा सदरा, डोक्याला टोपी. टॉवेल होता, पण खांद्यावर. कोर्टाच्या व्हरांड्यात भिंतीकडंच्या बाकावर तो बसला. पलीकडच्या खांबाजवळ भिमाजी त्याच्या वकिलासमोर उभा होता. वकिलाचा आवाज मोठा, शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"पट्टीत हरभरा आहे म्हणतोस. म्हणजे ताबा तुझाच झाला. हे बरं झालं. पण समोरचा म्हणेल तू हुकूम मोडून घुसलास. त्यानं काही लिहून दिलंय का? एवढासा कागद असला तरी चालेल. मग त्याला बोलायला जागाच राहणार नाही."

सहादेवाला चांगुणाचे शब्द आठवले.  उठून जाण्यात अर्थ नव्हता, म्हणून तो बसून राहिला आणि समोरच्या फरशीकडं बघत राहिला. त्यानं वर बघितलं तेव्हा भिमाजी त्याच्याकडंच बघत होता. भिमाजीचा हात बंडीच्या खिशावर होता. कागदाची घडी खिशातून दिसावी एवढी फुगलेली होती.

"लिवून बिवून काय न्हाई," भिमाजी म्हणाला. "गवत लई झालं हुतं. म्हनून नांगारली."

वकील जरा वैतागला. हे तू नांगरायच्या आधी सांगायला हवं होतंस, असं काहीतरी म्हणाला आणि फायली घेऊन आत गेला. दोन तास गेले. पुकारा झाला, दोघं उभे राहिले, आणि पुढची तारीख उन्हाळ्यातली पडली.

बाहेर ऊन चांगलंच तापलं होतं. सहादेव स्टँडकडं निघाला. मागून मोटारसायकल आली आणि त्याच्याजवळ थांबली. भिमाजीनं गाडी बंद केली नाही, मानही वळवली नाही.

"एसटी आता चारला हाय, दादा," तो म्हणाला.

 सहादेवानं टोपी काढून खिशात घातली आणि मागं बसला. घरापर्यंतच्या वाटेत दोघं एकच वाक्य बोलले. बोलला तो भिमाजी. हरभऱ्याला घाटे धरायला लागलेत, पण थंडी टिकली पाहिजे, असं तो म्हणाला.

घरी आल्यावर सहादेवानं अंग धुतलं आणि पडवीत पाटावर बसला. चांगुणा मलमाची ट्यूब घेऊन मागं उभी राहिली. लावायला सुरुवात केल्यावर तिनं विचारलं, "तारखेला काय झालं?"

"फुडची तारीख. उन्हाळ्यात."

मग त्यानं वकिलानं काय विचारलं आणि भिमाजी काय म्हणाला ते सगळं सांगितलं. तिची बोटं मानेवर थांबली.

"आन् कागद?"

"त्याच्याच खिशात हाय."

 रेश्मा आत पीठ मळत होती, तिचेही हात थांबले होते.

"आलात कशानं?" चांगुणानं विचारलं.

"त्याच्या गाडीवर."

तिनं बोटावर आणखी थोडं मलम घेतलं.

"मान खाली करा," ती म्हणाली. "मागं ऱ्हायलंय."